दोन वॅटचा बल्ब

हत्तरगीच्या टोलनाक्याअलीकडे
रात्री साडेदहाला भरमूचा टेम्पो ढकलत आला.
मागं कडोलीची रताळी, पोत्यांना अजून ओली माती,
पहाटेला पुण्याच्या मार्केटात पोचायची,
आणि हेडलाइटचा उजेड बंपरच्या पुढं पडत नव्हता.

"बॅटरी नवी घातलो परवा," भरमू म्हणाला.
"अल्टरनेटरचे ब्रश बी बदललो. तरी चार्जिंग होईना झालंय.
तू नवाच टाक बघ, मष्णू."

नवा टाकणं सोपं असतं.
साडेपाच हजाराचं सोपं.

मीटर लावला. इंजिन बंद: अकरा पॉइंट सहा.
धक्का मारून चालू केलं: अकरा पॉइंट पाच.
रेस दिली. अकरा पॉइंट पाच.
पट्टा अंगठ्यानं दाबला, अर्धा इंच दबला, बरोबर.
मागच्या जाड वायरीत, नटाखाली, बॅटरीइतकेच व्होल्ट.
अर्थिंगला गंज नव्हता, तरी घासलं.
मलिकसाब म्हणायचे, अर्थिंग पाव्हण्यासारखं,
आहे आहे म्हणता म्हणता निघून गेलेलं असतं.

मलिकसाब नदाफ, माझे उस्ताद,
घरात उर्दू बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी
आणि वायरींशी कन्नड.
केंपु, हसरू, करी.
अजून तांबडी वायर हातात आली
की ओठांत आधी केंपु येतं.
पिवळीला ते हळदी म्हणायचे.
ती तेवढी मला शिकवावी लागली नाही.

इंजिन बंद केलं, चावी चालूच ठेवली,
पान्याचं टोक पुलीच्या नटाजवळ नेलं.
आत करंट पोचत असेल तर नट पान्याला ओढून घेतो,
लहान पोरानं बोट धरावं इतपत.

ओढलं नाही.

म्हणजे मेलेलं नव्हतं ते. कुणी उठवलंच नव्हतं.
चाळीस अँपिअर देणारं हे धूड
पहिला घोट बॅटरीकडून उसना मागतं,
आणि तो उसना घोट येतो
डॅशबोर्डातल्या तांबड्या दिव्यातून.
लोकांना वाटतं, दिवा नुसता बातमी सांगतो.

"दिवा लागतोय की," भरमू म्हणाला.
लागत होता. जरा जास्तच झकपक.
मीटरचा खोका सोडवला, होल्डर फिरवून काढला,
तळहातावर एलईडी आला.
"सुदेशनं घातलंय, पुतण्यानं.
गाडी फॅशनेबल दिसाय पाहिजे म्हणून."

एलईडी थोडक्यात भागवतो, हा त्याचा गुण.
पण जे तो पीत नाही, ते पुढंही जात नाही.

डब्यातला जुना बल्ब काढला, तारेचा, दोन वॅटचा,
काच धुरकटलेली. बसवला.
पुन्हा धक्का, क्लीनर पोरगं शिव्या घालत घालत.
इंजिन धरलं, तांबडं उजळलं,
रेस दिली
आणि विझलं.
बारा. बारा पॉइंट आठ. काटा चढत राहिला.
हेडलाइट समोरच्या उसाच्या पाल्यापर्यंत गेले.

दोन्हीकडचा दाब सारखा झाला
की मधल्या दिव्याला जळायला काही उरत नाही.
हे मी नाक्यावर कुणाला सांगत नाही.
पाट्यांना डांबर फासणारे आणि ते पुसणारे,
दोघांच्याही गाड्या माझ्याकडंच येतात.

"बल्बचे वीस," म्हटलं, "हाताचे काय ते दे."
भरमूनं शंभर दिले, वर पाचसहा रताळी,
आणि हिशेब करत राहिला मनात,
वाचलेल्या साडेपाच हजारांचा नव्हे,
ब्रशांना गेलेल्या सातशेंचा.
सुदेशला फोन लावला त्यानं. लागला नाही.

एलईडी माझ्याकडंच राहिला.
उजेड बरा आहे त्याचा.
दुकानातल्या देव्हाऱ्यात लावलाय.
तिथं कुणाला उठवायचं नाही.